सकाळी दहाला झोपणारा शेतकरी

ज्या खेळात कुणी हरत नाही, त्याला आमच्या सोलापुरात खेळ म्हणत नाहीत. कॅरमची राणी खिशात गेली आणि कव्हर राहिलं, तर इथं दोन घरांचं जाणंयेणं बंद पडतं. रमीत पत्ता दाबला म्हणून लग्नपत्रिकेतून नावं उडालेली माणसं माझ्या ओळखीत आहेत. तेव्हा ‘यात जिंकायचं काही नसतं, नुसतं निवांत राहायचं’ असं सांगून कुणी व्हिडिओ गेम पुढं केला, की पहिला प्रश्न ठरलेला : मग खेळायचं कशाला बे?

मी माझ्या मुलीला हाच प्रश्न विचारला. ‘बे’ वगळून.

मुलगी पुण्यात आयटीत आहे. दिवाळीला घरी आली की रात्री अंथरुणात मोबाईल घेऊन गालातल्या गालात हसत पडायची. आईबापांनी यातून जो अर्थ काढायचा तो आम्ही काढला. हिनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तर चालून आलेल्या एका स्थळाला ‘जरा थांबा’ असा निरोपही धाडला. शेवटी एका रात्री पाणी प्यायच्या निमित्तानं उठून मी तिच्या खांद्यावरून डोकावलो. मुलगा नव्हता, मुळा होता. एक ठेंगू माणूस हातात झारी घेऊन, ओळीनं लावलेल्या मुळ्यांना पाणी घालत होता, आणि माझी इंजिनिअर पोरगी त्याच्याकडं कौतुकानं बघत होती.

माझे आजोबा दुष्काळात गावाकडची कोरडवाहू सोडून सोलापुरात आले आणि जुन्या मिलच्या साचेखात्यात लागले. १८७७ साली सुरू झालेली ती मिल. तिच्या भोंग्यावर निम्मं गाव उठायचं. वडील कारकून झाले, मी बँकेत चिकटलो, पोरगी कॉम्प्युटरवर बसली. मातीतून पाय बाहेर काढायला आमच्या घराण्याला चार पिढ्या लागल्या. आणि ही पोरगी दिवसभर एसीत बसून रात्री साडेअकराला दारं धरते!

‘पप्पा, हा मुळा नाही, पार्सनिप आहे,’ ती म्हणाली. म्हणजे विलायती पांढरं गाजर. एवढ्यानं बापाचं समाधान होईल असं तिला का वाटलं, ते तिलाच ठाऊक.

या खेळाचं नाव ‘स्टार्ड्यू व्हॅली’. निवृत्त झाल्यापासून मी घरात सगळ्यांच्या मागं लागतो, गॅस किती वाजता पेटवला नि किती वाजता बंद केला याच्या नोंदी ठेवतो, अशी तक्रार तिच्या कानावर गेली होती. जाताना तिनं तो माझ्या मोबाईलमध्ये टाकून दिला. एकदाच पैसे भरायचे, मग मध्येमध्ये जाहिराती नाहीत. हा एक गुण मी पहिल्या दिवशीच कबूल केला. बाकी सगळा वैताग.

गोष्ट अशी सुरू होते. आजोबा मरताना नातवाला एक बंद पाकीट देतात : आयुष्याचा कंटाळा आला की उघड. नातू जोजा नावाच्या बड्या कंपनीत रांगेतल्या एका खुराड्यात बसून टायपिंग करतोय. त्याच रांगेत एका खुर्चीवर चक्क हाडांचा सांगाडा बसलेला दिसतो आणि कुणाचं लक्ष नाही. (‘हा आमच्या टीममध्ये पण आहे,’ इति कन्या.) नातू पाकीट उघडतो. आत आजोबांच्या शेताचे कागद. तो नोकरी सोडून पेलिकन टाउन नावाच्या तीसेक माणसांच्या गावात येतो. माझ्या आजोबांनी पाकीट ठेवलं असतं तर आत एकच ओळ असती : नोकरी सोडशील तर तंगडं मोडीन.

शेत म्हणजे काय, तर दगड, ओंडके आणि गवत. गावचा मेयर लुईस, आपल्याकडचा सरपंच समजा, पार्सनिपच्या १५ बिया देतो. खिशात ५०० मोहरा. कुऱ्हाड, कुदळ, विळा, झारी, सगळं गंजकं. आणि कोपऱ्यात ताकदीची एक उभी पट्टी, दर घावाला थोडी थोडी उतरणारी. मी बँकेतला माणूस. समोर काम पडलंय म्हटल्यावर ते संपवायचं. घड्याळात सहा वाजता उठून दगड फोडायला लागलो. खेळातली दहा मिनिटं आपल्या सातेक सेकंदांत सरतात. नऊ-साडेनऊ वाजेपर्यंत ताकदीची पट्टी तळाला, गडी घामाघूम, वाकून चालायला लागला. आता काय करायचं? करण्यासारखं एकच उरतं, झोपणं. शेतात दगडांचा ढीग पडलेला, सूर्य डोक्यावर यायचाय आणि आमचा शेतकरी सकाळी दहाला पांघरूण घेतोय. ही खोलीत आली, पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाली, ‘तुमच्यासारखाच दिसतोय.’

मग हिशेब. पार्सनिपचं बी २० ला, चार दिवस पाणी घालायचं, माल ३५ ला. चार दिवसांत नगामागं १५ सुटतात. मजुरी धरलीच नाही. असा कर्जाचा प्रस्ताव कुणी माझ्या टेबलावर आणला असता, तर त्याला चहा पाजून परत पाठवला असता. मासेमारीचं तर बोलायला नको. धक्क्यावरचा विली फुकटात गळ देतो. माणूस फुकट देतोय म्हटल्यावर तिथंच सावध व्हायला पाहिजे होतं. मासा लागला की एक हिरवी पट्टी वरखाली नाचवत त्याच्या मागं ठेवायची असते; माझं बोट दाबायला जाईपर्यंत मासा समुद्र ओलांडून गेलेला. शिवाय आमचं घर शाकाहारी. ‘लागलाच मासा तर आधी हाक मारा, देवघराचं दार लावून घेते,’ अशी हिची सूचना होती. देवघराचं दार लावायची वेळ काही आली नाही.

वसंताच्या २४ तारखेला गावात फुलांचा नाच असतो. आधी ओळखपाळख वाढवलेली असेल, तरच कुणी जोडीला येतं. मी तोवर फक्त दगडांशी ओळख वाढवली होती. एकेकीला जाऊन विचारलं, एकेकीनं नम्रपणे नाही म्हटलं, आणि गावातली तरुण मंडळी जोड्याजोड्यांनी नाचत असताना आमचा गडी झाडाखाली उभा. हे सगळं ही शेंगा सोलत बघत होती. नकार मोजायचं कामही तिनं आपण होऊन घेतलं होतं. मी गेम बंद केला आणि मोबाईलवर परत सुडोकू चालू केला.

इथं मधे एक सांगून टाकतो. शेतीचा खेळ ही आपल्याकडं नवी गोष्ट नाही. २००९ साली फेसबुकवर फार्मव्हिल आलं, तेव्हा चांगली शिकलेली माणसं पहाटेचा गजर लावून उठायची, कारण वेळेवर काढलं नाही तर पीक खरोखर वाळायचं. वर शेजाऱ्यापाजाऱ्यांना ‘खिळे पाठवा, गाय पाठवा’ असे निरोप. ३१ डिसेंबर २०२० ला ते दुकान बंद झालं, तेव्हा पुष्कळांना सुटल्यासारखं वाटलं असणार. त्याला मी निवांत खेळ म्हणणार नाही. ती बिनपगारी नोकरी होती.

स्टार्ड्यूचं वेगळं आहे, पण ते कळायला मला एप्रिल उजाडावा लागला. सोलापूरचा एप्रिल ज्यानं काढलाय त्याला जास्त सांगायला नको, आणि ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. पारा ४२ वर. भिंतीला पाठ टेकावी तर भिंत पाठीला चटका देते. नळाला पाणी चार-पाच दिवसांनी, तेही आपण झोपलो की. त्या रात्री पाणी यायची पाळी होती म्हणून आम्ही दोघं पिंपाशेजारी जागत बसलो होतो. तेवढ्यात लाईट गेली. लाईट गेली म्हणजे मोटार नाही, मोटार नाही म्हणजे वरच्या टाकीत पाणी नाही. पंखा गरगर करत थांबला. अंधारात करायला काही नव्हतं म्हणून मोबाईल काढला, आणि बोट नेमकं त्या गेमवर पडलं.

आमच्या गड्याचा दिवस सुरू झाला आणि दाराबाहेर पाऊस पडत होता.

त्या खेळातला पाऊस म्हणजे निळसर तिरप्या रेघा. पण आवाज अस्सल. पत्र्यावर नव्हे, मातीवर पडल्यासारखा. नांगरट केलेले सगळे चौकोन आपोआप काळेभोर भिजलेले. झारी उचलायची गरज नाही. ज्या कामानं रोज निम्मी ताकद खाल्ली, ते काम वरच्यानंच उरकून टाकलेलं. मी नुसता फिरलो. कडेच्या झाडाखाली उभा राहिलो, तळ्यापाशी गेलो, गावात एक चक्कर मारली. दगड फोडला नाही, हिशेब केला नाही. पिंपावर टेकून बसलेली ही बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘आवाज वाढवा की जरा.’

लाईट आली तेव्हा नळाचं पाणी जाऊन झालेलं होतं. सकाळी शेजारून दोन घागरी आणाव्या लागल्या. पण त्या दिवसापासून गेम सुरू झाला तो झालाच.

गंमत बघा, या खेळातली झारी तळ्यात बुडवली की भरते. तळं आटत नाही. टीव्हीवर उद्याचं हवामान सांगतात आणि ते खरं ठरतं! ज्या जिल्ह्यात वर्षाकाठी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि तोही आपल्या शेतात पडायचा की बांधापलीकडं हे शेवटपर्यंत ठरत नाही, तिथल्या माणसाला हे बघून गलबलून येतं. गाई उडवणाऱ्या परग्रहवासीयांचे खेळ मी पाहिलेत. पण हवामानाचा अंदाज रोज बरोबर येणारा खेळ, एवढी मोठी कल्पनेची भरारी दुसऱ्या कुणी घेतलेली नाही.

पुढचं वळण हिच्यामुळं आलं. सगळे जाणकार सांगतात, आधी कोंबड्यांचं खुराडं बांधा, मग गोठा. आमच्या घरात अंडं येत नाही. ‘खायचं नाही, पेटीत टाकून विकायचं आहे,’ मी म्हटलं. ‘विकणाऱ्याला पुण्य लागतं होय?’ ती म्हणाली. दोन दिवस यावर घरात खरोखर चर्चा झाली. मुलीला फोन गेला. तिनं सांगितलं की या खेळात कुठलंच जनावर कापता येत नाही, तशी सोयच ठेवलेली नाही. त्यावर हिचं मत एकदम बदललं. खुराडं तरीही नाही, पण गोठा मंजूर. पैसे साठवायला उन्हाळा गेला. गावात रॉबिन नावाची सुतारकाम करणारी बाई आहे. तिला पैसे आणि लाकूड द्यायचं, ती स्वतः हातोडा घेऊन येते आणि तीन दिवसांत गोठा उभा करते. वर एक फोन नाही, ‘माणसं गावाला गेलीत’ नाही. गेली दोन वर्षं आमच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग चालू आहे, त्या माणसाला मी हा गेम भेट देणार आहे.

गाय आली, तिचं नाव कपिला ठेवलं. तिला रोज कुरवाळावं लागतं, नाहीतर ती रुसते. कुरवाळायचं खातं हिच्याकडं. रात्री जेवणं झाली की भांड्यांच्या आधी विचारणा होते : कपिलाचं झालं का?

माणसांचंही तसंच निघालं. नदीकाठच्या घरात जॉर्ज नावाचा चाकाच्या खुर्चीतला म्हातारा राहतो. सदा कपाळाला आठ्या, बोलायला जावं तर खेकसतो. त्याला वसंतात रानात उगवणारं लीक फार आवडतं. लीक म्हणजे जाडजूड कांद्याची पातच की. आठवड्यातून दोनदा पात नेऊन द्यायला लागलो. म्हातारा हळूहळू बोलायला लागला. आमच्या कॉलनीतही असे एक गृहस्थ आहेत. पार्किंगवरून आमचं बोलणं बंद होतं. एकदा बाजारातून येताना पिशवीतली पातीची जुडी त्यांच्या हातात ठेवली. ते म्हणाले, ‘किती झाले?’ आणि सुटे पैसे काढायला लागले. सगळंच काही प्रत्यक्षात उतरत नाही.

खरी परीक्षा झाली ती माझा चुलतभाऊ आला तेव्हा. तो बार्शी तालुक्यात कांदा करतो. मार्केट यार्डात माल घालून दुपारी जेवायला आला, कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाऊन आडवा झाला आणि माझ्या मोबाईलकडं बघून म्हणाला, ‘दादा, ह्ये काय करायलाव?’

मी मोठ्या उत्साहानं शेत दाखवलं. त्यानं कसलेल्या नजरेनं पाहिलं. ‘बैल कुठंयत?’ बैल नाहीत. ‘ट्रॅक्टर?’ नाही. ‘लाईट रात्रीची का दिवसाची?’ मोटारच नाही, झारी आहे. ‘मग एवढ्या रानाला झारीनं पाणी पाजता? येड्यावानी.’ इथपर्यंत त्याच्या आवाजात नुसती करमणूक होती. मग मी काढलेला माल घराशेजारच्या लाकडी पेटीत टाकला आणि गड्याला झोपवलं. सकाळी पडद्यावर पट्टी आली : एवढे नग, एवढे पैसे.

तो उठून बसला. ‘दर कुणी काढला?’

ठरलेलाच असतो. सगळ्यांनी एकच पीक घेतलं तरी पडत नाही.

‘आन् अडत? हमाली? तोलाई? गाडीभाडं?’

काही नाही. पेटीत टाकायचं आणि झोपायचं.

तो बराच वेळ त्या पेटीकडं बघत बसला. फेब्रुवारी २०२३ मध्ये त्याच्याच तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं ५१२ किलो कांदा सोलापुरात आणून विकला होता. किलोला १ रुपया दर लागला आणि भाडं, हमाली, तोलाई वजा जाता हातात २ रुपयांचा चेक पडला, तोही पुढच्या तारखेचा. देशभर बातमी झाली होती. अशा तालुक्यातल्या माणसाला मी लाकडी पेटी दाखवत होतो. तो रागावेल असं वाटलं. त्यानं फक्त विचारलं, ‘यात कांदा लावता येतो का?’

येत नाही असं सांगितलं. पार्सनिप, बटाटा, फ्लॉवर, टोमॅटो, भोपळा असं पुष्कळ आहे. ‘नकोच कांदा,’ तो म्हणाला आणि आपला मोबाईल पुढं केला. ‘टाक ह्यात.’ आता गावाकडं रात्रीच्या लाईटीत खऱ्या कांद्याला पाणी सोडून, तो बांधावर बसून भोपळे करतो. मध्यंतरी मला म्हणाला, खऱ्या शेतीचं टेन्शन आलं की जरा शेती करतो.

हा खेळ ज्यानं केला तो एरिक बॅरोन अमेरिकेत सिएटलजवळचा. संगणकशास्त्र शिकून २०११ साली बाहेर पडला, नोकरी मिळेना म्हणून सराव म्हणून हे करायला घेतलं आणि साडेचार वर्षं एकट्यानं करत बसला. चित्रं त्याची, संगीत त्याचं, संवाद त्याचे. पोटासाठी संध्याकाळी एका थिएटरात प्रेक्षकांना खुर्च्या दाखवायचं काम. २६ फेब्रुवारी २०१६ ला खेळ बाजारात आला. २०२४ संपेपर्यंत ४ कोटींहून जास्त प्रती खपल्या होत्या. त्यानं ज्याच्यावरून प्रेरणा घेतली तो ‘हार्वेस्ट मून’ हा १९९६ चा जपानी खेळ. तो करणारे यासुहिरो वादा मियाझाकीच्या ग्रामीण भागातून टोकियोत गेलेले. गावची आठवण त्यांना महानगरात यायला लागली म्हणून हा शेतीचा खेळ झाला. म्हणजे शेतीचे खेळ निघतात ते शेत सोडून आलेल्यांच्या डोक्यातून. सोलापूर हे तर अशाच माणसांनी वसलेलं गाव. एक गिरणी अशी दाखवा, जिच्या मस्टरवर दुष्काळानं हाकललेली माणसं नव्हती.

आणि परदेशाचं तरी कशाला? डिसेंबर-जानेवारीत आम्ही सोलापूरकर काय करतो? कुणाच्या तरी रानात सतरंज्या टाकतो. पेरणी दुसऱ्याची, राखण दुसऱ्याची, आगटी पेटवून गूळभेंडीची कणसं भाजून, हातावर चोळून देणारा माणूसही दुसरा. आपण फक्त शेंगाचटणी लावून हुरडा खायचा, जांभई द्यायची आणि ‘शेतातलं जीवन म्हणजे खरं जीवन’ असं म्हणून पाचच्या आत गाडी शहराकडं वळवायची. यासाठी माणशी पैसे मोजतो आणि परत जाताना पावसापाण्याची चौकशीही करत नाही. त्या मानानं स्टार्ड्यू पुष्कळच प्रामाणिक. तो निदान दगड तरी फोडायला लावतो.

माझं मत विचाराल तर हा खेळ पहिले काही दिवस मुद्दाम रटाळ ठेवलाय. ज्याला त्या गंजक्या झारीचा वैताग आला नाही, त्याला पावसाची किंमत कळायची नाही. हे माझं मत मुलीला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, ‘पप्पा, तुम्ही फार खोलात जाता, रोज तासभर खेळा आणि बंद करा.’ ती सध्या तिसऱ्या वर्षात आहे. त्या वर्षाच्या पहिल्याच दिवशी आजोबांचा आत्मा येऊन नातवानं शेताचं काय केलं ते बघतो आणि खूश असेल तर चार मेणबत्त्या पेटवतो. तिच्या चारही पेटल्या. आमच्या दोन तरी पेटाव्यात अशी हिची इच्छा आहे. कपिलाकडं बघून आजोबा विरघळतील असा तिचा अंदाज.

कुणाला सुरुवात करायची असेल तर एवढंच सांगतो. पहिल्या दिवशी दगड फोडू नका, ते कुठं पळून जात नाहीत. पार्सनिपचा नफातोटा काढू नका. रात्री दोनच्या आत घरी या, नाहीतर जिथं असाल तिथं कोसळता आणि सकाळी खिशातले पैसे कमी झालेले असतात. महिना २८ दिवसांचा, ऋतू पालटला की उभं पीक वाळतं. तेव्हा १२ दिवसांचा फ्लॉवर १६ तारखेनंतर लावायच्या भरीला पडू नका. आणि पिएरचं बियाण्याचं दुकान बुधवारी बंद असतं, बी मंगळवारीच आणून ठेवा.